भाकरीचे झाड कोणाचे?

आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. झाडाफळांवर बोलण्याचा अधिकार वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांचा. आमचे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांपाशी, पगारपत्रकांच्या हिशेबात आणि वाटाघाटींच्या बैठकांत गेले. कॉलेजची पायरी आम्ही चढलो नाही; जे थोडेफार वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरीही आज आम्ही एका झाडाची हकीकत सांगणार आहोत. या हकीकतीत जहाज आहे, बंड आहे, उपासमार आहे, गुलामगिरी आहे आणि शेवटी मुक्तीही आहे. शिवाय आमच्या चळवळीतला एक जुना प्रश्न तिच्यात आहे : कष्टकऱ्याच्या ताटातली भाकरी कोणाच्या हातून यावी?

झाडाचे नाव नीरफणस. कोकणात त्याला विलायती फणस असेही म्हणतात. आंबा, काजू, रातांबा ही झाडे कोकणात पावलोपावली भेटतात. नीरफणस मात्र क्वचित एखाद्या परसात, विहिरीच्या जवळपास, एकटा उभा असतो. गोव्यात तो थोडा अधिक दिसतो. पावसाळ्यात त्याची फळे घरात आली की गृहिणी हाताला तेल लावून ती सोलतात, मधला दांडा काढून टाकतात, चकत्यांना मीठ, हळद, तिखट लावतात आणि रव्यात घोळवून तव्यावर कापे परततात. ज्याने ती खाल्ली त्याला नीरफणस म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. परंतु देशावरच्या पुष्कळ मंडळींनी हे फळ पाहिलेलेही नसते, म्हणून आधी ओळख करून देतो.

नीरफणस हा आपल्या फणसाचा सख्खा भाऊबंद. वड, उंबर आणि तुती ज्या कुळातली, त्याच कुळातले हे दोघे. दोघांनाही पांढरा चीक येतो. पण साम्य इथेच संपते. फणसाचे पान लहान व साधे असते. नीरफणसाचे पान हातभर लांब आणि कडांना खोल कातरलेले असते. फणस बुंध्याला आणि जाड फांद्यांना लगडतो, तर नीरफणसाची फळे फांद्यांच्या टोकांशी धरतात. फणसात गरे आणि आठळ्या असतात. नीरफणसात गरेही नाहीत आणि आठळ्याही नाहीत. आत सगळा पांढरट, घट्ट मगज. फळ साधारण एक ते तीन किलोंचे. ते पुरते वाढलेले पण कच्चे असताना काढतात. विस्तवावर अख्खे भाजले की साल काळी होते, आणि ती खरवडून काढली की आतून ताज्या पावासारखा भाग निघतो. म्हणूनच युरोपियनांनी त्याला ‘पावाचे फळ’ म्हटले आणि शास्त्रज्ञांनीही ‘पाव’ व ‘फळ’ या दोन ग्रीक शब्दांची जोड करून त्याच्या वंशाला ‘आर्टोकार्पस’ असे नाव दिले. त्या वंशात आपला फणसही येतो.

हे फळ म्हणजे पोटभरीचे अन्न आहे. शंभर ग्रॅम मगजात सुमारे २७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात आणि त्यातून शंभराच्या वर उष्मांक मिळतात. प्रथिने मात्र एक ग्रॅमच्या आसपासच. तेव्हा हे डाळीची वा मासळीची जागा घेणारे अन्न नव्हे. भात, भाकरी आणि बटाटा यांच्या पंक्तीत बसणारे अन्न आहे. चांगल्या हवेत एक झाड वर्षाला शंभर-दीडशे फळे देते, आणि अशी कित्येक वर्षे देत राहते.

आता या झाडाचे एक वैशिष्ट्य नीट ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी हकीकत त्याभोवती फिरते. आपण खातो त्या नीरफणसाला बी नसते. पक्ष्याने फळ खाऊन बी कुठेतरी टाकले आणि झाड उगवले, असे इथे होत नाही. मुळाला फुटवा येतो, तो काढून माणसाने दुसरीकडे लावावा लागतो. म्हणजे जगात जिथे जिथे हे बिनबियांचे झाड उभे आहे, तिथे तिथे ते कोणाच्या तरी हाताने लावलेले आहे.

पहिले हात कोणाचे? या झाडाचा रानटी पूर्वज न्यू गिनी बेटाकडचा. त्याच्या फळात बियाच फार, मगज थोडा. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीपासून पॅसिफिक महासागरातले दर्यावर्दी लोक बेटामागून बेट वसवीत पूर्वेकडे सरकत गेले. त्यांनी होड्यांतून डुकरे, कोंबड्या आणि कंदमुळे नेली, तशी नीरफणसाची मुळे आणि फुटवेही नेले. प्रत्येक बेटावर चांगले फळ देणारे झाड निवडायचे आणि त्याचेच फुटवे पुढे न्यायचे, असे शेकडो पिढ्या नाही तरी शंभरभर पिढ्या चालले. त्यातून बिया कमी कमी होत गेल्या आणि मगज वाढत गेला. ताहितीत या फळाला ‘उरू’ म्हणतात, हवाईत ‘उलू’. हंगामात उरलेली फळे पानांनी मढविलेल्या खड्ड्यांत पुरून आंबविण्याची युक्तीही या लोकांनी शोधली. असे आंबवलेले पीठ दीर्घकाळ टिकते आणि वादळ-दुष्काळात उपयोगी पडते. झाडाच्या लाकडाच्या होड्या, चिकाने त्या होड्यांच्या फटी बुजवणे, सालीचे कापड, असा झाडाचा सगळा उपयोग त्यांनी केला.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, युरोपियन प्रवाशांना यातले बहुतेक दिसलेच नाही. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियर १६८६ साली ग्वाम बेटावर उतरला, हे फळ त्याने खाल्ले आणि १६९७ साली आपल्या प्रवासवर्णनात त्याची तारीफ छापली. पुढे १७६९ साली कॅप्टन कुक ताहितीला गेला. त्याच्याबरोबर जोसेफ बँक्स हा धनिक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. माणसाने आयुष्यात अशी दहा झाडे लावली की स्वतःच्या आणि पुढच्या पिढीविषयीचे त्याचे कर्तव्य पुरे झाले, अशा आशयाची नोंद त्याने आपल्या रोजनिशीत केली. भाकरी झाडाला लागते आणि माणसे तिच्या सावलीत बसून खातात, असे चित्र युरोपभर पसरले. शंभर पिढ्यांचे कष्ट त्या चित्रातून गळले. कष्ट करणाऱ्याचे नाव हिशेबातून गळणे हा प्रकार आमच्या चांगला परिचयाचा आहे.

इथून हकीकत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, कॅरिबियन समुद्रातल्या जमैका, सेंट व्हिन्सेंट या इंग्रजांच्या बेटांवर जाते. तिथे उसाचे मळे होते आणि मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबत होते. एकट्या जमैकात त्यांची संख्या १७९० च्या सुमारास अडीच लाखांच्या घरात होती. साखरेला भाव असल्यामुळे मळेवाले चांगली जमीन अन्नाला देत नसत. धान्य आणि खारवलेली मासळी उत्तर अमेरिकेतून येई. १७७५ साली अमेरिकन वसाहतींचे युद्ध पेटले आणि हा पुरवठा तुटला. त्यातच १७८० पासून लागोपाठ चक्रीवादळे झाली, केळीच्या बागा झोपल्या. १७८० ते १७८७ या काळात उपासमारीने आणि त्यातून आलेल्या रोगांनी जमैकातले सुमारे पंधरा हजार गुलाम मेले, असा अंदाज खुद्द तिथल्या कायदेमंडळाच्या समितीने दिला.

मळेवाल्यांनी यावर विचार केला. माणसे उपाशी मरतात म्हणून ऊस कमी करून अन्न पिकवावे, हा एक मार्ग होता. तो त्यांना परवडणारा नव्हता. दुसरा मार्ग असा की, कमी जागेत, कमी खर्चात, गुलामाचे कामाचे तास न मोडता पोट भरील असे काहीतरी शोधावे. बँक्सकडे मळेवाल्यांची पत्रे १७७० नंतर येतच होती. बँक्सने राजा तिसऱ्या जॉर्जच्या सरकारकडे शब्द टाकला आणि ताहितीहून नीरफणस आणण्यासाठी आरमाराने एक जहाज दिले. त्याचे नाव ‘बाउंटी’ आणि कप्तान विल्यम ब्लाय.

बाउंटी २३ डिसेंबर १७८७ रोजी इंग्लंडहून निघाले आणि २६ ऑक्टोबर १७८८ रोजी ताहितीला पोचले. या जहाजाची रचना पाहण्यासारखी होती. कप्तानाची सगळ्यात मोठी खोली काढून झाडांना दिली होती. तिथे कुंड्या बसविण्यासाठी भोके पाडलेली फळ्यांची जमीन होती आणि खाली शिशाचा पत्रा होता, म्हणजे कुंड्यांतून झिरपलेले पाणी गोळा करून पुन्हा वापरता यावे. खलाशी मात्र उरलेल्या जागेत दाटीने राहिले. पाच महिने मुक्काम करून १,०१५ रोपे चढविली आणि एप्रिल १७८९ मध्ये जहाज परत फिरले.

पुढचे बंड सिनेमांमुळे जगाला ठाऊक आहे. त्याच्या कारणांवर अजून वाद चालतो. ब्लायची जीभ फार कडवट होती हे खरे. ताहितीतल्या पाच महिन्यांच्या मोकळिकीनंतर खलाशांना जहाजाची शिस्त नकोशी झाली हेही खरे. पण ठिणगी पडली ती खाण्यावरून. २७ एप्रिल रोजी ब्लायला आपल्या ढिगातले काही नारळ कमी वाटले. त्याने फ्लेचर ख्रिश्चन या हाताखालच्या अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष चोर ठरविले आणि सर्वांच्या शिध्याला कात्री लावण्याची धमकी दिली. दुसऱ्या दिवशी, २८ एप्रिल १७८९ च्या पहाटे, ख्रिश्चन आणि त्याच्या साथीदारांनी जहाज ताब्यात घेतले. ब्लायला अठरा माणसांसह तेवीस फुटांच्या उघड्या होडीत उतरविले आणि नीरफणसाची रोपे समुद्रात फेकून दिली.

ब्लाय हा निष्णात दर्यावर्दी होता हे कबूल केले पाहिजे. त्या होडीतून ३,६०० हून अधिक सागरी मैल तोडून १४ जून रोजी त्याने तिमोर बेट गाठले. वाटेत पावाचे वाटप करण्यासाठी नारळाच्या करवंट्यांचा तराजू केला आणि पिस्तुलाच्या गोळीचे वजन लावले. एका वेळी एकाच्या वाट्याला पौंडाचा पंचविसावा भाग, म्हणजे सुमारे १८ ग्रॅम पाव. दुसऱ्यांच्या गुलामांसाठी स्वस्त पाव आणायला निघालेल्या कप्तानावर ही पाळी आली. याने तो काही शिकला की नाही, हे प्रत्येकाने आपापले ठरवावे.

मळेवाल्यांची मागणी मात्र कायम होती. ऑगस्ट १७९१ मध्ये ब्लायला पुन्हा पाठविले. या वेळी ‘प्रॉव्हिडन्स’ आणि ‘असिस्टंट’ अशी दोन जहाजे होती. ताहितीहून नीरफणसाची २,१२६ रोपे घेतली. परतीच्या वाटेवर पाणी कमी पडू लागले, पण रोपांचे पाणी चालूच राहिले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा काढून प्रसिद्धीस आलेला मॅथ्यू फ्लिंडर्स तेव्हा त्या जहाजावर उमेदवार होता. माळी बादल्या घेऊन जाई, तेव्हा पायऱ्यांवर पडलेले थेंब आपण आणि आपले सोबती चाटत असू, अशी आठवण त्याने सांगून ठेवली आहे. जानेवारी १७९३ मध्ये सेंट व्हिन्सेंटला आणि फेब्रुवारीत जमैकाला रोपे उतरली. एकंदर ६७८ जिवंत पोचली. ब्लायला इनाम मिळाले.

आता खरी गोष्ट पुढे आहे. झाडे वाढली, फळे धरली, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला त्या गुलामांनी ती खाण्याचे मनावर घेतले नाही! कित्येक ठिकाणी फळे डुकरांना घातली गेली. मळेवाल्यांनी यावर ‘अडाणी लोक, चव कळत नाही’ असा शेरा मारला. आम्हाला तो पटत नाही. जमैकातल्या गुलामांना मळ्याच्या कडेच्या डोंगराळ तुकड्यांत स्वतःपुरते पिकवण्याची मुभा होती. आठवड्यातून मिळणाऱ्या थोड्या मोकळ्या वेळात ते तिथे केळी व कंद लावीत, आणि उरलेले रविवारच्या बाजारात विकीत. त्या तुकड्याची मालकी कागदावर मळेवाल्याची, पण काय पेरायचे, काय खायचे आणि काय विकायचे हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या आयुष्यात तेवढाच होता. तिथला कंद स्वतःचा होता. नीरफणस मालकाचा होता. मालकाने आणलेले फळ पोटात गेले की उद्या तो म्हणणार, तुमच्या पोटाची सोय झाली, आता तुकड्यावर जायला वेळ कशाला? असे एखादा गुलाम लिहून ठेवू शकला नाही, कारण त्याला लिहूच दिले नव्हते. हा आमचा तर्क आहे, पण अनुभवातून आलेला आहे.

तो अनुभवही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात महागाई भत्त्याची बोलणी चालली होती. मालकपक्षाने मध्येच सुचविले की, कँटीनमधला नाश्ता आणि दूध फुकट करतो, भत्त्याचा आग्रह सोडा. दरमाणशी हिशेब केला तर दोन्ही रकमा जवळपास सारख्या होत्या, आणि खरे सांगायचे तर आम्हाला स्वतःला ती तडजोड बरी वाटली होती. सभेत आम्ही ती मांडली. तेव्हा मागच्या रांगेतला एक जुना फिटर उठून म्हणाला, “भाऊ, नाश्ता मालकाचा. तो आज देईल, उद्या आवळेल. भत्ता पगारपत्रकात लागतो, तो माझ्या घरी येतो. त्याचं काय करायचं ते माझी बायको आणि मी बघू.” सभेने त्याची बाजू उचलली. आम्ही भत्ता घेतला. दोन वर्षांनी कँटीनचा ठेकेदार बदलला आणि होता तोही नाश्ता निम्म्यावर आला. आम्ही एवढी पुस्तके वाचून जे विसरलो होतो, ते त्या माणसाला पक्के ठाऊक होते. नीरफणसाची हकीकत वाचताना आम्हाला तो फिटर आठवला.

कॅरिबियनमध्ये नीरफणसाचे पुढे काय झाले? ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ साली गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला. १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला, पण ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्या मालकाकडे सक्तीचे काम चालूच राहिले. पुरी मुक्ती मिळाली ती १ ऑगस्ट १८३८ रोजी. मुक्त झालेल्या पुष्कळ माणसांनी मळे सोडले, डोंगरात जमिनीचे लहान तुकडे धरले आणि घरे बांधली. मळेवाल्यांनी मग हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. तसेच मजूर १८३४ पासून हिंदी महासागरातल्या मॉरिशसला जात होते, आणि त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसेही होती. मॉरिशसच्या बाजारातही नीरफणस आज भाजीसाठी विकला जातो. तो इतिहास स्वतंत्र व्याख्यानाचा आहे. इथे एवढेच की, स्वस्त भाकरी आणि स्वस्त मजूर यांचा शोध एकाच डोक्यातून निघाला होता.

मुक्त माणसांनी डोंगरात घर बांधले की दारात काय लावले? इतर झाडांबरोबर नीरफणसही लावला. ज्या फळाकडे मालकाच्या काळात पाठ फिरविली, तेच स्वतःच्या अंगणात आल्यावर गोड लागले. आज सेंट व्हिन्सेंटचे राष्ट्रीय पक्वान्न म्हणजे भाजलेला नीरफणस आणि तळलेली मासळी. मुक्तीचा महिना म्हणून ऑगस्ट पाळतात, त्याच महिन्यात तिथे नीरफणसाचा उत्सव असतो. किंग्सटाउनच्या वनस्पती उद्यानात ब्लायने आणलेल्या झाडाच्या फुटव्याचा वंश अजून दाखवितात. फळ तेच होते, चव तीच होती, उष्मांकही तेवढेच होते. बदलली ती मालकी.

या झाडाकडे जगाचे लक्ष पुन्हा वळले आहे. हवाईत २००३ साली नीरफणसासाठी एक स्वतंत्र संस्था निघाली. तिच्या पहिल्या संचालिका डायेन रॅगोन यांनी पॅसिफिकची बेटे फिरून जमविलेल्या सुमारे दीडशे जाती तिथे जपल्या आहेत. त्यांतल्या काही मूळ बेटांवर आता सापडत नाहीत. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने रोपे करून ती अनेक देशांना पाठवितात. हवामान तापत चालले तरी या झाडाला मानवणारा प्रदेश फारसा घटणार नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडले आहे. ‘गरिबांचे अन्न’ म्हणून त्याची पुन्हा स्तुती होते. ती खोटी नाही. फक्त आम्ही विचारू की, गरिबाच्या हाती झाड देणार की फळ? झाड दिले तर उत्तम. फळ मोजून देणार असाल, तर तराजू कोणाच्या हाती राहील हे आधी सांगा.

आपल्या कोकणात हे झाड इतके विरळ का, याचे उत्तर आता सोपे आहे. एक तर त्याला बारमाही ऊब आणि वर्षभर विखुरलेला पाऊस हवा. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण सतरा अंशांपर्यंत ते सुखाने वाढते. रत्नागिरी त्या सीमेवरच बसते, आणि आपला पाऊस चार महिन्यांत आटोपतो, म्हणून उन्हाळ्यात त्याला पाणी घालावे लागते. दुसरे, बी नसल्याने ते आपोआप पसरत नाही. तिसरे, काढलेले फळ दोन-तीन दिवसांत पिकून मऊ पडते. वखारीत साठवून भाव वाढण्याची वाट पाहता येत नाही, म्हणून व्यापाऱ्याला त्यात रस नाही. हे फळ शेजाऱ्याला वाटायचे, बाजारपेठेला नाही.

ज्यांचे कोकणात घर आहे, त्यांना एक विनंती. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या परसात नीरफणस असेल तर पावसाच्या आरंभी जमिनीच्या वर दिसणाऱ्या मुळाला हलकी जखम करावी. तिथून फुटवा येतो. तो दोन फुटांचा झाला की मुळाच्या तुकड्यासह काढून सावलीत कुंडीत धरावा आणि जोम धरल्यावर जमिनीत लावावा. पाणी साचणारी जागा टाळावी. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे. तीन ते सहा वर्षांत फळ येते. हे काम एका माणसाचे, एका सकाळचे आहे; पण ते कोणी केले नाही तर होत नाही, कारण या झाडाला माणसाच्या हाताखेरीज दुसरा आधार नाही.

आमच्या संघटनेचेही तसेच आहे. ती वाऱ्याने उगवत नाही. कोणीतरी जुन्या मुळाचा फुटवा काढून नव्या जागी लावतो, पाणी घालतो, आणि कित्येकदा फळ दुसराच खातो. याची खंत मानू नये. फक्त झाड कोणाच्या अंगणात लावले, हे मात्र विसरू नये. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.